साठ आणि आठ

तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं उत्तर सांगितलं आणि मी म्हटलं, "चुकलं. परत करून बघ." तिनं मान खाली घालून परत केलं, परत तेच सांगितलं. मी परत "नाही" म्हटलं. तिचा चेहरा पडला. तेवढ्यात शेजारची मुलगी उभी राहिली. "बाई, ती साठ म्हणतेय. साठ."

मला दोन्ही वेळा 'आठ' ऐकू आलं होतं. उत्तर साठच होतं.

तास संपल्यावर तिला जवळ बोलावून सांगितलं, तुझं बरोबर होतं गं, मलाच नीट ऐकू आलं नाही. "हो बाई," म्हणून ती पळाली. मी मात्र स्टाफरूममध्ये जाऊन वही न उघडता बराच वेळ बसून राहिले. बरोबर उत्तर देणाऱ्या मुलीला मी वर्गासमोर दोनदा चूक ठरवलं होतं. असं याआधी किती जणांच्या बाबतीत झालं असेल, हा हिशेब काही केल्या सुटेना.

'साठ'मधला 'स' गळला की 'आठ' उरतं, इतकी साधी गोष्ट. पण 'स'च का गळावा? त्याचं उत्तर आपल्या कानाच्या आत आहे. आतल्या कानातल्या शंखात, म्हणजे कॉक्लियात, सुमारे १५ ते १६ हजार केसपेशी असतात. शंखाच्या दाराशी असलेल्या पेशी उंच, बारीक आवाज टिपतात आणि अगदी आतल्या पेशी खालचे, जाड आवाज. वयानं, मोठ्या आवाजानं, काही औषधांनी आधी झिजतात त्या दाराजवळच्या. आणि माणसात त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आता बोलण्यातले स्वर पाहा. आ, ओ, ऊ यांची मुख्य ताकद खालच्या पट्टीत असते. पण 'स', 'श', 'फ' हे नुसते हवेचे फुत्कार, त्यांची ताकद ४ हजार हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही वर. त्यामुळे वय झालेल्या माणसाला बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. घरच्यांना वाटतं, माणूस लक्ष देत नाही.

आम्हाला बाबांबद्दल हेच वाटायचं.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या टेबलाच्या खणात एक निळी डबी अजून आहे. आत त्यांचं कानाचं मशीन, एक चिमुकला ब्रश आणि घडी घातलेला तपासणीचा कागद. ते मशीन घ्यायला मी आणि दादा त्यांच्याबरोबर गेलो होतो. तिथल्या माणसानं तीन यंत्रं टेबलावर मांडली. आम्ही दोघांनीही एकदम सगळ्यात लहान यंत्राकडे बोट दाखवलं. पूर्ण कानात जाणारं, बाहेरून अजिबात न दिसणारं. "बाबा, हे घालून कुणाला कळणारसुद्धा नाही." बाबा काही बोलले नाहीत. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

त्यांनी ते महिनाभर वापरलं. म्हणायचे, "पिंपात डोकं घालून बोलल्यासारखं वाटतं." आम्ही म्हणायचो, सवय होईल. मग ते खणात गेलं, आणि त्यांच्या हट्टीपणाचा दाखला म्हणून आम्ही पुढे कितीतरी वर्षं त्या खणाकडे बोट दाखवत राहिलो.

आता माझीच पाळी आली, तेव्हा मी ठरवलं की यंत्राकडे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी कानाचे डॉक्टर. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ही पायरी गाळून सरळ यंत्र घ्यायला जाणारे बरेच जण असतात. कान नुसता मळानं गच्च भरला असेल तरी ऐकू कमी येतं. पडद्याला भोक असेल, मधल्या कानात पाणी असेल, तर त्यावर वेगळे उपचार आहेत. आणि एका कानानं अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं, तर ती तातडीची गोष्ट आहे. त्यावरची औषधं पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हावी लागतात. 'सर्दीनं दडे बसले असतील' म्हणत वाट बघत बसू नये. एकाच कानात सतत आवाज येणं, कान वाहणं, गरगरणं यापैकी काही असेल, तरी आधी डॉक्टरच.

माझ्या बाबतीत यातलं काही नव्हतं. मग ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे गेले. माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची मुलगी. तिनं मला आवाजबंद खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. बारीकात बारीक टुणकारा ऐकू आला तरी बटण दाबायचं. दहा-पंधरा मिनिटांनी तिनं कागद समोर ठेवला आणि समजावून सांगायला लागली. मी तिला थांबवलं. हा आलेख मला वाचता येत होता. आयुष्यभर आलेखच तर शिकवले.

आडव्या अक्षावर आवाजाची पट्टी, हर्ट्झमध्ये: २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८०००. दर पायरीला दुप्पट, म्हणजे भूमितीय श्रेढी. उभ्या अक्षावर डेसिबल, पण उलटे: वर शून्य, खाली १२०. रेघ जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. उजवा कान लाल गोल, डावा कान निळी फुली. आणि डेसिबल हे लॉगॅरिदम आहे, त्यामुळे साध्या बेरजेच्या नजरेनं त्याकडे बघणारा हमखास फसतो. १० डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा १० पट होते, २० वाढले की १०० पट, ६० वाढले की १० लाख पट. माझी रेघ १००० हर्ट्झपर्यंत २० डेसिबलच्या आत होती. अगदी व्यवस्थित. २००० ला ३५ वर आली, ४००० ला ५५ वर, ८००० ला ६५ वर. डोंगराच्या कड्यावरून खाली उतरावी तशी. माझा 'स' त्या कड्याच्या पायथ्याशी पडला होता.

हा कागद प्रत्येकानं मागून घ्यावा. नुसतं "साठ टक्के ऐकू येतं" असं कुणी सांगितलं, तर त्यावरून यंत्र निवडता येत नाही. दोन माणसांचा टक्का एकच आणि रेघा पूर्ण वेगळ्या असू शकतात. कुणाची रेघ सपाट असते, कुणाची खालच्या पट्टीतच बसलेली, आणि त्यांना लागणारी यंत्रंही वेगवेगळी.

मग तिनं शब्द ऐकवले. मी म्हणून दाखवायचे. आधी शांततेत, नंतर मागे गलका लावून. गलक्यात माझे गुण पार घसरले. तिनं त्यावर खूण केली आणि यंत्राचं नावही न काढता मला एक कोरा कागद दिला. "मॅडम, तुम्हाला कुणाचं बोलणं ऐकायचंय ते लिहा. आणि कुठे, तेही. पहिलं जे सुचेल ते सगळ्यात वर."

मी लिहिलं: वर्गातली मुलं, मागच्या बाकापर्यंत. मग, फोनवर दादा. मग, चारचौघांत जेवताना समोरचा. मग, नात कानाला लागून काहीतरी सांगते ते. टीव्ही मी लिहिलाच नाही, आणि एकट्यानं घरात बसणाऱ्या कुणाच्या यादीत तो सगळ्यात वर असेल.

बाबांची यादी काय झाली असती, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. याच गोष्टीनं मला सगळ्यात जास्त पोळलं.

यादीवरून यंत्राचा आकार कसा ठरतो, हे मला तेव्हा कळलं. कानामागे बसणारी दोन प्रकारची. एकात सगळं काही मागच्या डबीत असतं, आणि नळीतून आवाज कानाच्या मापानं बनवलेल्या मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, जातो. हे दणकट, ताकदवान. ज्यांचं ऐकणं फारच कमी झालंय त्यांना, आणि लहान मुलांना हेच बरं, कारण कानाचा आकार वाढला की नुसता मोल्ड बदलता येतो. दुसऱ्यात आवाज काढणारा रिसीव्हर बारीक तारेच्या टोकाला, कानाच्या आतच असतो, आणि त्यावर मऊ सिलिकॉनची टोपी, तिला डोम म्हणतात. या डोमला भोकं असली की कान उघडा राहतो. ज्यांचे खालचे आवाज शाबूत आहेत, त्यांचे ते आवाज आपल्या पायानं आत येतात. यंत्र फक्त वरचे भरून काढतं. माझ्यासारख्या कड्यावाल्या रेघेला हे चांगलं. मग कानात बसणारी, मापानं घडवलेली, त्यात मोठ्यापासून पार आत लपणाऱ्यापर्यंत.

"पिंपात बोलल्यासारखं का वाटतं?" मी विचारलं.

तिनं मला दोन्ही कानांत बोटं घालून "ई" म्हणायला सांगितलं. वाचणाऱ्यांनीही करून बघावं. स्वतःचाच आवाज कवटीत घुमतो. आपला आवाज हाडांतून कानाच्या नळीत येतो आणि एरवी बाहेर निघून जातो. नळीला बूच बसलं की तो आतच कोंडतो, विशेषतः खालची पट्टी. ज्याचे खालचे आवाज मुळातच चांगले आहेत, त्याला हे असह्य होतं. त्यावर सवय हा उपाय नाही, हवा जायला वाट ठेवणं हा उपाय आहे.

मी घरी येऊन डबीतला बाबांचा कागद उघडला. त्यांची रेघ जवळपास माझ्यासारखीच होती. खालचे आवाज छान, आणि पुढे कडा. त्या कानाला आम्ही बूच मारलं होतं.

आणि सेल. त्या यंत्राला १० नंबरचा सेल लागायचा, पिवळ्या स्टिकरचा. व्यास ५.८ मिलिमीटर, जाडी ३.६. साबुदाण्याच्या दाण्याहून थोडासा मोठा. बाबांच्या बोटांची टोकं शेवटच्या काही वर्षांत बधिर झाली होती, शर्टाचं बटण लावायलाही वेळ लागायचा. त्यांनी आठवड्याला एकदा तो सेल बदलायचा, योग्य बाजूनं, चष्मा लावून. तेही हे सेल झिंक-एअर जातीचे: स्टिकर काढला की भोकांतून हवा आत जाते आणि मगच वीज सुरू होते. त्यामुळे स्टिकर काढून मिनिटभर थांबायचं, मग बसवायचं. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर आम्ही ऐकलं नाही. बोटांचं असं असेल तर चार्जिंगचं यंत्र घ्यावं, रात्री डबीत ठेवलं की झालं. किंवा मोठा सेल लागणारं, नारिंगी १३ नंबर किंवा निळा ६७५. दिसणं-न दिसणं याच्या कितीतरी आधी बोटांकडे बघायला हवं. निवडायला गेलात तर टेबलावरचं यंत्र स्वतः हातात घ्या, घाला, काढा, तीन-चार वेळा. बरोबर आलेल्या मुलानं किंवा सुनेनं नाही. ज्याला घालायचंय त्यानंच.

दोन्ही कानांना यंत्र हवं का, हा माझा पुढचा प्रश्न होता. मला एकावर भागवायचं होतं. तिनं सांगितलेलं कारण माझ्यातल्या गणिताच्या बाईंना लगेच पटलं. आवाज डावीकडून आला की डाव्या कानाला आधी पोचतो आणि उजव्याला थोडा नंतर. डोक्याच्या रुंदीमुळे हा फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास. मेंदू एवढ्या फरकावरून दिशा ओळखतो, आणि दिशा कळली की गलक्यातून हवा तो आवाज वेगळा काढणं सोपं जातं. वर्गात कोण बोललं हे मला हल्ली कळत नव्हतं, त्याचं हेच कारण. दोन्ही कानांचं ऐकणं कमी असेल तर सहसा दोन्हींना यंत्र लागतं.

बाकीच्या सोयींवर फार वेळ घालवला नाही. फोनचा आवाज थेट कानात येणं मला हवं होतं, दादासाठी. काही सभागृहांत लूप, म्हणजे माइकचा आवाज थेट यंत्रात पोचवणारी तार, बसवलेला असतो; तो पकडायला यंत्रात टी-कॉइल नावाचं वेटोळं लागतं. ज्यांना तिथे वरचेवर जायचंय त्यांनी ते आवर्जून मागावं. घाम, पाणी, धूळ यांचं संरक्षण किती, तेही विचारावं. चॅनल किती, म्हणजे यंत्र आवाजाच्या किती पट्ट्या वेगवेगळ्या हाताळतं, याचा फार गाजावाजा होतो. वरच्या मॉडेलमध्ये चॅनल जास्त, गलक्यावरचे उपाय जास्त. पण नीट जुळवलेलं साधं यंत्र हे न जुळवलेल्या भारी यंत्रापेक्षा चांगलं, हे मी स्वतःच्या कानांनी अनुभवलंय.

आणि जुळवणं कसं तपासायचं, हे ज्याला माहीत नाही त्याला कुणीही काहीही देऊ शकतं. म्हणून इथे जरा थांबते.

यंत्र संगणकाला जोडलं की कंपनीचं सॉफ्टवेअर ऑडिओग्रामवरून, म्हणजे त्या तपासणीच्या आलेखावरून, आपोआप एक अंदाज बसवतं. हा अंदाज सरासरी कानाचा असतो. तुमच्या कानाची नळी लांब की आखूड, रुंद की अरुंद, त्यावर पडद्यापाशी पोचणारा आवाज बदलतो. आणि नेमक्या वरच्या पट्टीत हा अंदाज बरेचदा कमी पडतो. म्हणून एक चाचणी असते, रिअल इअर मेजरमेंट. तिनं माझ्या कानात दोऱ्याएवढी बारीक, मऊ नळी पडद्याजवळपर्यंत सोडली, वर यंत्र चढवलं आणि समोरच्या स्पीकरमधून बोलणं लावलं. संगणकाच्या पडद्यावर दोन रेघा आल्या: एक माझ्या ऑडिओग्रामवरून सूत्रानं काढलेलं लक्ष्य, दुसरी माझ्या कानात खरोखर पोचणारा आवाज. ३ हजारच्या पुढे दुसरी रेघ लक्ष्याच्या बरीच खाली होती. तिनं ती एकेक पायरी वर नेली, हळू बोलण्यासाठी वेगळी, मोठ्या बोलण्यासाठी वेगळी. २० मिनिटांचं काम. यंत्र घेण्याआधी विचारून घ्यावं की ही चाचणी इथे करता का. नसतील करत, तर करणारी जागा शोधावी.

हळू आणि मोठं वेगळं का? बाबा म्हणायचे, "जोरात बोल जरा." आम्ही जोरात बोललो की, "ओरडतेस कशाला, बहिरा नाहीये मी!" आम्ही हसायचो. पण ते अक्षरशः खरं सांगत होते. ऐकण्याचा तळ वर सरकतो, पण छत तिथेच राहतं. ज्या आवाजानं तुम्हाला त्रास होतो, साधारण त्याच आवाजानं त्यांनाही होतो. मधली जागा उरते निम्मी. आजची यंत्रं बारीक आवाज जास्त उचलतात आणि मोठा आवाज कमी, म्हणजे सगळं त्या उरलेल्या जागेत मावतं. त्यासाठी ते नीट मोजून बसवायला हवं, एवढंच.

पहिला दिवस कठीण गेला. पिशवीची चेन करवतीसारखी, नळ धबधब्यासारखा. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहायला लागले आणि दचकून थांबले. खडूचा आवाज. करकर, आणि मध्येच बारीक चीत्कार. तो कधी बंद झाला होता ते मला आठवतच नव्हतं. मेंदूला हे सगळं पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात. दिवसातून थोडा वेळ घालून सुरुवात केली तरी चालेल, पण रोज घालायचं. पहिल्या महिन्यात दोन-तीनदा परत जाऊन जुळवून घ्यायचं. मी एक वही ठेवली: कुठे, कोण, काय चुकलं. "बरं वाटत नाही" एवढ्यावरून ऑडिओलॉजिस्ट काही बदलू शकत नव्हती. "स्टाफरूममध्ये स्टीलचा डबा पडला, कानात सुरी गेल्यासारखं झालं" यावरून बदलू शकत होती.

सगळं परत आलं नाही, हेही सांगायला हवं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो, वर्गात भिंतींमुळे शब्द पसरतात, आणि मागच्या बाकावरचं पुटपुटणं मला आजही कळत नाही. गेलेल्या पेशी गेल्या. मी आता मुलांच्या बाकापर्यंत चालत जाते.

तिसऱ्या खेपेला मी निळी डबी बरोबर नेली. का नेली, मला नीट सांगता आलं नाही. तिनं विचारलंही नाही. डबी उघडल्यावर म्हणाली, "सेलचं दार उघडं ठेवलंय. छान सांभाळलंय कुणीतरी." सेल काढून, दार उघडं ठेवून, ब्रशनं साफ करून. वापरायचं नसतानाही बाबांनी सांगितल्याप्रमाणे सगळं केलं होतं.

तिनं मळ अडवणारी जाळी बदलली, नव्या सेलचा पिवळा स्टिकर काढला, मिनिटभर थांबली, सेल बसवला. यंत्र चालू झालं. मग ते तपासणीच्या पेटीत ठेवून आलेख काढला. खालची पट्टी चांगली उचललेली, जिथे बाबांना गरजच नव्हती. २ हजारच्या पुढे रेघ जवळजवळ झोपलेली.

तिच्याकडे डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी एक नळी होती, यंत्रातून काय ऐकू येतं ते तपासायची. माझी यंत्रं काढून मी ती कानाला लावली, दुसऱ्या टोकाला बाबांचं यंत्र. तिला म्हटलं, दाराजवळ जा, तोंडावर कागद धर, आणि पाच वेळा बोल. साठ किंवा आठ, हवं तसं. मी लिहिते.

ती पाच वेळा बोलली. आवाज येत होता, चांगला मोठा. मी एकाखाली एक पाच आकडे लिहिले आणि कागद तिला दिला. मी पाचही वेळा आठ लिहिलं होतं. तिनं पेन घेतलं आणि त्यातल्या तीन आकड्यांच्या शेजारी साठ लिहिलं.